फर्मवेअर अपडेटनंतर एसएफपी मॉड्यूलची वॉर्निंग? नवीन मॉड्यूल विकायच्या आधी हे वाचा

सीसीटीव्ही, सोसायटीचं वायफाय, छोट्या ऑफिसचं नेटवर्क अशा कामांत उतरलेले किंवा उतरायच्या तयारीत असलेले बरेच जण आपल्या चॅनेलवर आहेत. फायबरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "मॅडम, स्विचचं फर्मवेअर अपडेट केलं आणि आता मॉड्यूलची वॉर्निंग येतेय. काल तर सगळं मस्त चालू होतं. मॉड्यूल गेलं का?"

बहुतेक वेळा गेलेलं नसतं. पण ग्राहक शेजारी उभा असतो, तुम्हाला पुढच्या साइटवर जायचं असतं, आणि "मॉड्यूल बदलू" हे सगळ्यात सोपं उत्तर असतं. चार दिवसांनी नव्या मॉड्यूलवर तीच वॉर्निंग आली की मात्र तुमचं एएमसी गेलंच म्हणून समजा.

एसएफपी मॉड्यूल म्हणजे स्विचच्या पोर्टमध्ये बसणारी ती बोटाएवढी धातूची डबी. स्विचकडून आलेल्या विजेच्या सिग्नलचा ती प्रकाश करते आणि फायबरमधून आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज. तिच्यात एक छोटी मेमरी चिप असते. त्यात कंपनीचं नाव, पार्ट नंबर, सिरीयल नंबर, स्पीड, प्रकाशाची तरंगलांबी अशी माहिती ठरलेल्या जागी लिहिलेली असते. मॉड्यूल लावलं की, किंवा स्विच रीस्टार्ट झाला की, स्विच ती माहिती वाचतो. अपडेट म्हटलं की रीस्टार्ट आलाच, म्हणजे सगळी मॉड्यूल्स नव्याने वाचली जातात, तीही नव्या नियमांनी. सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन आला की दहा वर्षांच्या दूधवाल्यालाही रजिस्टरमध्ये सही करावी लागते ना, तसंच. दूधवाला तोच असतो, दूधही तेच.

म्हणून आधी लॉगमधली ओळ नीट वाचा. ती ओळखीबद्दल बोलतेय की मापाबद्दल? इथूनच दोन वेगळे रस्ते फुटतात.

ओळखीची वॉर्निंग म्हणजे "अनसपोर्टेड ट्रान्सीव्हर" किंवा तशाच अर्थाची ओळ. मॉड्यूल दुसऱ्या कंपनीचं आहे आणि स्विच त्याला आपलं मानत नाही. सिस्कोच्या बऱ्याच स्विचमध्ये अशा वेळी पोर्ट एरर-डिसेबल्ड होऊन बंदच पडतो. त्यासाठी "सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर" ही कमांड आहे. आधी कोणीतरी ती दिलेली असेल पण कॉन्फिगरेशन सेव्ह केलं नसेल, तर रीस्टार्टनंतर ती गायब होते आणि दोष फर्मवेअरच्या माथी बसतो. कमांड देताना सिस्को स्क्रीनवरच बजावते की बिघाडाचं मूळ बाहेरच्या मॉड्यूलमध्ये निघालं तर वॉरंटीचा सपोर्ट नाकारला जाऊ शकतो. हे ग्राहकाला आधी सांगा, लेखी सांगा. दुसरा मार्ग म्हणजे मॉड्यूल जिथून घेतलं त्या विक्रेत्याला स्विचचं मॉडेल आणि फर्मवेअरचा नंबर कळवा. अशी मॉड्यूल्स विकणारे चिपमध्ये त्या-त्या ब्रँडचं कोडिंग करून देतात, त्यामुळे बदलून किंवा पुन्हा कोड करून मिळण्याची शक्यता असते.

आता मापाची वॉर्निंग. खरी गंमत इथे आहे, आणि पैसेही इथेच वाया जातात.

ज्या मॉड्यूलमध्ये डीओएमची सोय असते (काही ठिकाणी याला डीडीएम म्हणतात) ते पाच गोष्टी मोजतं: तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, पाठवलेला प्रकाश म्हणजे टीएक्स पॉवर आणि मिळालेला प्रकाश म्हणजे आरएक्स पॉवर. प्रत्येकाच्या वॉर्निंग आणि अलार्मच्या मर्यादाही मॉड्यूलमध्येच लिहिलेल्या असतात. जुनं फर्मवेअर त्यांच्याकडे बघत नसेल आणि नवं बघायला लागलं असेल, तर दुखणं जुनंच असतं, कळलं फक्त आज.

सिस्कोवर "शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर डिटेल" दिलं की आकडे दिसतात. प्रकाश डीबीएममध्ये मोजतात. शून्य म्हणजे १ मिलिवॉट, आणि दर ३ ने खाली गेलं की प्रकाश निम्मा. उणे १० म्हणजे एक दशांश मिलिवॉट. उणे ४० च्या आसपास दिसलं तर प्रकाश येतच नाही असं समजा. १ जीबीच्या एलएक्स प्रकारात रिसीव्हरची खालची हद्द उणे १९ आहे. तुमचा आकडा उणे १८ असेल तर लिंक चालते, पण काठावर.

एकाच टोकाचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. डीओएमचं प्रकाशाचं माप ३ डीबीपर्यंत इकडेतिकडे असू शकतं. दोन्ही टोकं बघा. समजा इकडून उणे ६ ने प्रकाश निघाला आणि तिकडे उणे १७ ने पोचला. वाटेत ११ डीबी गेले. केबल किती, ३०० मीटर? सिंगल मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरला एका किलोमीटरला साधारण ०.३५ ते ०.४ डीबी जातात, म्हणजे ३०० मीटरला जेमतेम ०.१. प्रत्येक जोडाचे अर्धा-अर्धा धरले तरी ११ चा हिशोब लागत नाही. मग कुठेतरी घाण आहे, केबल करकचून वाकली आहे, किंवा स्प्लाइस खराब आहे. मॉड्यूल बदलून यातलं काहीच सुटणार नाही.

आधी साफसफाई करा. सिंगल मोड फायबरचा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा कितीतरी बारीक. धुळीचा एक कण पुरतो. पेनसारखा वन-क्लिक क्लीनर किटमध्ये ठेवाच. शर्टाच्या टोकाने पुसणारे मी पाहिलेत, कृपा करा! आणि फायबरच्या टोकात डोकावून बघायचं नाही, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

साफ करूनही आकडा तोच राहिला तर अदलाबदल करून बघा. केबल आणि पोर्ट तेच ठेवा, तसंच दुसरं चांगलं मॉड्यूल लावा. आकडा सुधारला तरच जुनं मॉड्यूल संशयित. नाहीच सुधारला तर केबल तपासा. मॉड्यूल चालू स्विचमधून काढता येतं, पण लिंक तुटते, म्हणून ग्राहकाच्या गल्ल्यावर गर्दी असताना हे उद्योग नकोत.

तापमानाची वॉर्निंग असेल तर साधारण मॉड्यूल ७० अंशांपर्यंतचं असतं हे लक्षात ठेवा. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात काय होत असेल बघा. १० जीबीची तांब्याच्या केबलची मॉड्यूल्स मुळातच जास्त तापतात, त्यांच्या शेजारचा पोर्ट जमल्यास रिकामा ठेवा.

"मग जुनं फर्मवेअर परत टाकू का?" रिलीज नोट्स वाचून ठरवा. ट्रान्सीव्हरबद्दलची अडचण कंपनीने स्वतःच मान्य केलेली असेल आणि लिंक बंद असेल, तर टाका. नुसती पिवळी ओळ नको म्हणून मागे जाऊ नका, नव्या फर्मवेअरमधली सुरक्षेची दुरुस्तीही त्यासोबत जाते.

आता बिलाचं. मॉड्यूल विकलं नाही म्हणून फुकट काम करू नका. तपासणी आणि फायबर क्लीनिंग अशी वेगळी ओळ बिलात टाका आणि आधीचे-नंतरचे आकडे जोडा. उणे १७ चा उणे ७ झालेला ग्राहकाला दिसला की तो घासाघीस कमी करतो, हा माझा दुकानातला अनुभव आहे. यापुढे अपडेट करण्याआधी कॉन्फिगरेशन सेव्ह करून त्याचा बॅकअप घ्या आणि प्रत्येक पोर्टचे टीएक्स, आरएक्स, तापमान तारखेसह एक्सेलमध्ये भरा. चोवीस पोर्टच्या स्विचला फायबरचे पोर्ट बहुधा दोन किंवा चारच असतात, पाच मिनिटांचं काम आहे.