बर्बनची परदेशांतील पत

व्हिस्कीसारखा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. पिण्याच्या बाजूनें आम्हांस त्यांत कांहींच सांगावयाचें नाहीं. परंतु एखाद्या मालाची परदेशांत पत कशी बनते व कशी बुडते, हें ज्यास समजून घ्यावयाचें आहे, त्यास अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीइतकें बोलकें उदाहरण क्वचितच मिळेल. (चहाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या त्याच नांवाच्या बिस्किटांत या पेयाचा थेंबही नसतो, हें येथेंच सांगून ठेवितों.)

बर्बन मुख्यत्वें केंटकी संस्थानांत तयार होते. फ्रान्सच्या ज्या बोर्बन राजघराण्याविषयीं आपण इतिहासांत वाचतों, त्याचेंच नांव तेथील एका परगण्यास दिलेलें आहे. पेयाचें नांव त्या परगण्यावरून पडलें कीं न्यू ऑर्लिन्स शहरांतील त्याच नांवाच्या रस्त्यावरून, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाहीं.

स्कॉच तेवढी खानदानी आणि बर्बन म्हणजे गुराख्यांचें जहाल पेय, असा समज जगांत फार दिवस रूढ आहे. अमेरिकन चित्रपटांनीं त्यास पुष्कळच खतपाणी घातलें. कायदा पाहिला तर हा समज टिकत नाहीं. बर्बनच्या धान्यांत निदान ५१ टक्के मका पाहिजे. ती साठविण्याचें ओक लांकडाचें पात्र कोरें व आंतून जाळलेलें पाहिजे. रंग किंवा स्वाद बाहेरून घालतां कामा नये. स्कॉचमध्यें मात्र जाळलेल्या साखरेचा रंग घालण्याची मोकळीक आहे. उलटपक्षीं स्कॉच तीन वर्षें तरी मुरलीच पाहिजे. साध्या बर्बनला अशी मुदत नाहीं, ‘स्ट्रेट’ म्हणवून घ्यावयाचें असेल तरच दोन वर्षांची अट आहे. पण केंटकीचा उन्हाळा कडक. तेथें पेय लवकर मुरतें आणि लवकर उडूनही जातें. तेव्हां बाटलीवरील वर्षें मोजून बारा वर्षांची स्कॉच सहा वर्षांच्या बर्बनहून दुपटीनें चांगली ठरविणें, हा हिशेबच फसवा होय.

मग मान स्कॉचलाच कां मिळाला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलॉक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले, ब्रँडी दुर्मिळ झाली, आणि इंग्रजांच्या मेजावरील तिची जागा स्कॉचनें घेतली. पुढें इंग्रजांचीं जहाजें, पलटणी व क्लब जेथें जेथें गेले, तेथें तीही गेली. बर्बनच्या पाठीशीं असें साम्राज्य नव्हतें. शिवाय सन १९२० ते १९३३ पर्यंत खुद्द स्वदेशांतच दारूबंदी होती; डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून विकण्यापुरताच कांहीं थोड्या कारखान्यांस परवाना होता. ज्या मालास घरांतच मज्जाव, त्याची बाहेर कोण वाखाणणी करणार?

यांतही एक मौज आहे. पात्र कोरेंच हवें, या अटीमुळें एकदां वापरलेलें पीप बर्बनच्या कामीं पुन्हां येत नाहीं. अशीं लाखों पिपें समुद्रापार स्कॉटलंडास जातात, आणि आज बहुतेक स्कॉच त्यांतच मुरते. स्कॉचच्या ज्या व्हॅनिलासारख्या सुवासाची जाणते लोक तारीफ करितात, त्यांतील बराचसा भाग या केंटकीच्या लांकडाचा असतो.

‘फोर रोझेस’ या बर्बनची हकीकत तर याहून विलक्षण आहे. हा कारखाना कॅनडाच्या सीग्रॅम कंपनीच्या ताब्यांत होता. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनें अमेरिकेंत त्या नांवाखालीं स्वस्त मिश्र व्हिस्की विकावयास प्रारंभ केला, आणि अस्सल बर्बन युरोप व जपानकडे रवाना केली. चाळीसाहून अधिक वर्षें हा प्रकार चालला. टोकियोंतील गिऱ्हाइकास जें नांव उत्तम मालाचें म्हणून ठाऊक, तेंच केंटकीतील दुकानांत हलक्या मालाचें म्हणून पडून राही. आणि माल तर लॉरेन्सबर्ग या केंटकीतीलच गांवीं तयार होत होता! सन २००२ मध्यें जपानच्या किरिन कंपनीनें तो कारखाना विकत घेतला, मिश्र माल बंद केला व खरी बर्बन अमेरिकेच्या दुकानांत परत आणली. पुढें २०१४ सालीं जपानच्याच सन्टोरी कंपनीनें सुमारें सोळा अब्ज डॉलरांस बीम कंपनी घेतली. स्वदेशीयांनीं टाकलेल्या नांवाची किंमत परक्यांनीं आधीं ओळखावी, हें आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.

अमेरिकन काँग्रेसनें १९६४ मध्यें बर्बन हा आपल्या देशाचा विशिष्ट माल असल्याचा ठराव केला, त्यामुळें दुसऱ्या कोणत्याही देशांतील माल त्या नांवानें अमेरिकेंत येऊं शकत नाहीं. तथापि परदेशच्या बाजारांत तिचें भवितव्य चवीपेक्षां जकातीवरच अधिक ठरतें. पोलादावरील जकातीच्या भांडणांत युरोपीय संघानें २०१८ सालीं अमेरिकन व्हिस्कीवर २५ टक्के जादा जकात बसविली, ती २०२२ च्या आरंभीं स्थगित झाली. भारत सरकारनें २०२५ च्या फेब्रुवारींत बर्बनवरील जकात १५० टक्क्यांवरून १०० वर आणली, तीही अमेरिकेशीं व्यापाराची बोलणीं व्हावयाच्या तोंडावर.