तिखाडीच्या भट्टीला गोधडी

तिवशात भट्टी म्हटले की आधी दारूचीच आठवण होते. तालुक्यात तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आहे, आणि कौंडण्यपुराशी वर्धा ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा सुरू होतो. घरी दारू गाळणे १९४९च्या कायद्याने राज्यात सगळीकडेच गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथेच संपतो. इथे बोलायचे आहे ते दुसऱ्या, जुन्या आणि सोज्वळ भट्टीविषयी. सातपुड्याच्या उतारांवर वाढणाऱ्या तिखाडीचे, म्हणजे रोशा गवताचे तेल वाफेवर काढण्याचा धंदा खानदेश, निमाड आणि वऱ्हाडलगतच्या डोंगरात शे-दीडशे वर्षांपूर्वी जोरात होता. ओढ्याकाठी लोखंडी नाहीतर तांब्याचे भांडे चुलीवर चढायचे, बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात बुडवलेल्या भांड्यात यायची आणि पाण्यावर तेल तरंगायचे. ते मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जायचे आणि तिथे बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जायचे. या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल आणि त्याचा वास गुलाबाजवळ जाणारा, म्हणून ही भेसळ सहज पचायची. आज तिखाडी शेतातही लावतात. लखनौच्या सीमॅप संस्थेने ‘तृष्णा’, ‘तृप्ता’ असे वाण काढले. वासामुळे जनावरे या गवताला सहसा तोंड लावत नाहीत, आणि रोही-रानडुकरांनी जेरीस आलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

शेतावरच्या अशा भट्टीचा विचार करताना चर्चा बहुतेक वेळा वाण, उतारा आणि भाव यांचीच होते. सरपणाचा हिशेब कोणी मांडत नाही. माझे म्हणणे एवढेच की टाकीची उघडी भिंत हा त्या हिशेबातला मोठा खर्च आहे आणि तो वाचवणे सगळ्यांत स्वस्त पडते. एक मीटर व्यासाची, दीड मीटर उंचीची लोखंडी टाकी घ्या. बाजू आणि झाकण मिळून साडेपाच चौरस मीटर पत्रा हवेत उघडा असतो. आत शंभर अंशांची वाफ आणि बाहेर तीस अंशांची हवा असली, तर त्या पत्र्यातून साधारण साडेचार किलोवॅट उष्णता सतत निघून जाते. म्हणजे पाणी तापवायचे दीड हजार वॅटचे तीन रॉड शेताच्या बांधावर हवा तापवत ठेवल्यासारखे झाले. हा हिशेब वारा पडलेला असतानाचा आहे. गवत फुलोऱ्यावर येऊन भट्ट्या पेटतात त्या हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि गार वाऱ्यात हा आकडा आणखी चढतो. अशा टाकीतून तासाला तीस लिटर पाण्याची वाफ कंडेन्सरकडे जात असेल तर त्या कामाला एकोणीस किलोवॅट लागतात. म्हणजे टाकीला मिळालेल्या उष्णतेचा जवळपास पाचवा हिस्सा भिंतच खाते.

यावर जाणकार म्हणतील की खरी गळती भिंतीत नाही, धुराड्यात आहे. ते बरोबरच आहे. साध्या भट्टीत लाकडातल्या उष्णतेपैकी वीस-पंचवीस टक्केच टाकीपर्यंत पोचते आणि बाकीची धुरासोबत जाते. पण याच आकड्यामुळे भिंतीचे महत्त्व वाढते. टाकीच्या भिंतीवर एक भाग उष्णता वाचली की चुलीच्या तोंडाशी चार-पाच भाग जळण वाचते, कारण तो एक भाग आत पोचवायलाच तेवढे जाळावे लागत होते. चार तासांच्या एका घाणीत साडेचार किलोवॅटचे अठरा युनिट होतात. ऐन वाळल्या लाकडात मोजले तर ते सुमारे वीस किलो भरतात. एवढ्या टाकीत दोन-अडीच क्विंटल गवत बसते आणि त्यातून किलोभर तेल निघाले तर उतारा ठीक म्हणायचा. म्हणजे किलोभर तेलामागे वीस किलो लाकूड नुसत्या उघड्या पत्र्यापायी गेले. धुराड्याची सुधारणा करायचीच, पण तिला भट्टी पाडून पुन्हा बांधावी लागते. टाकी गुंडाळायला एक दुपार पुरते.

दुसरा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो: शेवटी कंडेन्सरमध्ये सगळी उष्णता पाण्यात फेकायचीच आहे, मग थोडी आधी गेली तर काय बिघडले? बिघडते ते असे. कंडेन्सरपर्यंत पोचलेल्या वाफेने वाटेत गवतातले तेल उचललेले असते, तर भिंतीवर निवलेली वाफ रिकाम्या हाताने खाली येते. वरच्या उदाहरणात तासाला सात लिटर पाणी असे आतल्या आत ओघळते, कडेचे गवत भिजवते आणि पुन्हा उकळायला तळाशी जाते. घाणी त्यामुळे लांबते. याचे मर्म जेम्स वॉटने १७६९च्या पेटंटमध्ये नेमके सांगितले होते. न्यूकमेनच्या जुन्या वाफेच्या इंजिनात एकच सिलिंडर आळीपाळीने तापायचा आणि निवायचा. वॉटने निवण्याचे काम वेगळ्या भांड्याकडे दिले आणि सिलिंडर सतत गरम राहावा म्हणून त्याला लाकडाचे किंवा उष्णता हळू वाहून नेणाऱ्या दुसऱ्या कशाचे तरी आवरण सुचवले. तेलाच्या भट्टीलाही हाच नियम लागू होतो, आणि कनौजच्या अत्तरवाल्यांना तो वॉटला न विचारता कळला होता. त्यांची तांब्याची डेग विटामातीच्या भट्टीत बसवलेली असते, वाफेच्या बांबूच्या नळीवर दोरी घट्ट गुंडाळलेली असते आणि वाफ निववायचे भांडे, म्हणजे भपका, मात्र उघडाच पाण्यात बसतो.

गुंडाळायचे कशाने? पाच सेंटिमीटर जाडीचे रॉकवूल लावले तर भिंतीची गळती नऊ दशांशाहून जास्त कमी होते. पण ते शहरातून आणावे लागते आणि अंगाला खाजवते. तिवशाच्या शिवारात सोयाबीनच्या कुटाराचे ढीग असतात. भरपूर कुटार घालून मळलेल्या गाऱ्याचा तेवढाच जाड थर साधारण दोन तृतीयांश गळती थांबवतो आणि त्याला आगीचे भय नाही. कोरडे कुटार पोत्यात भरून टाकीभोवती बांधले तर ते गाऱ्याहून सरस ठरते, कारण रोखण्याचे काम मुळात काडीकाडीत अडकलेली हवा करते. फक्त चुलीच्या ज्वाळेपासून वीतभर वरपर्यंत पोते नको, तिथे वीट आणि गाराच हवा. जुन्या कारखान्यांतून निघालेली ॲसबेस्टॉसची दोरी फुकट मिळाली तरी घेऊ नये, तिची धूळ फुप्फुसाला मारक असते.

खरा घात ओलीने होतो. झाकणाच्या पाण्याच्या सीलमधून थेंब झिरपत राहिले की काडीकाडीतल्या हवेची जागा पाणी घेते, आवरण निकामी होते आणि आतला पत्रा कोणाच्या नकळत गंजतो. म्हणून वरून जुन्या पत्र्याचे अंगरखे हवे, आणि हंगाम संपला की पोती सोडून पत्रा तपासला पाहिजे. ही कटकट आहे, हे मान्य. त्याहून वजनदार आक्षेप फुकटच्या जळणाचा: तेल काढलेले गवत वाळवून पुढच्या घाणीला जाळतात आणि कमी पडले तर पऱ्हाट्या असतातच. पण ओले गवत वाळायला जागा, ऊन आणि मजुरी लागते. शिवाय जाळावे न लागलेले गवत आच्छादन म्हणून शेतात पसरले तर काळ्या मातीतली ओल टिकते. पऱ्हाटी फुकट असली तरी उपटायची आणि वाहायची मजुरी कोणाला चुकत नाही.

हे सारे आकडे माझ्या मांडणीचे आहेत. प्रत्येक टाकी, प्रत्येक चूल वेगळी, तेव्हा काट्यावर तपासणेच बरे. गवत एकाच शेतातले, तेवढेच वजन, एक घाणी उघड्या टाकीवर आणि एक गुंडाळलेल्या. लाकूड मोजून टाकायचे आणि सारखे तेल उतरेपर्यंतची वेळ टिपायची. सुरुवात झाकणापासून करावी. तिथे जागा थोडी, पण घाणीगणिक उघडावे लागते म्हणून तेच सगळ्यांत आळसाने उघडे ठेवले जाते. पोत्याची एक जाड चकती शिवून कडीला दोरीने बांधली की काम झाले. मग वर चढणारी नळी, तीही वळणापर्यंतच. तिथून ती उतरू लागली की उघडी सोडायची.