सियागंजची उधारी

इंदूरच्या सियागंज बाजारात रोखीचा धंदा थोडा. हळद, धने, खोबरं, साबुदाणा, काजू-बदाम असा माल खंडवा, खरगोन, धार, झाबुआ, बुऱ्हाणपूरकडचे दुकानदार इथून भरतात, आणि भरतात ते बहुतेक उधारीवर. फोनवर मागणी येते, मध्ये दलाल असतो, हमाल पोती गाडीत चढवतात, बिल्टी होते. पैसे पंधरा दिवसांनी, महिन्याने, कधी सण उलटल्यावर. बँकेला मोठी रक्कम द्यायची असली तर ती सहसा तारण मागते, जामीनदार उभा करायला लावते. इथे तेवढ्याच किमतीचा माल ओळखीवर गावाबाहेर जातो. सियागंजचा घाऊक व्यापारी हाही धनकोच, पण कायद्याच्या लेखी त्याची जागा फार मागच्या रांगेत आहे. ती किती मागे, हे मला पुस्तकांपेक्षा एका गादीवर बसून जास्त कळलं.

रेल्वे स्टेशनाजवळच्या त्या मसाल्याच्या पेढीवर मालक माल दाखवतात, भाव बोलतात, वसुली मुनीमकाकांकडे. त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात पार्ट्यांचे चेक असतात, गावांप्रमाणे नव्हे तर तारखांप्रमाणे लावलेले. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत पडला नाही तर त्याचा कागद होतो, म्हणून रोज सकाळी सर्वांत जुना चेक वर येतो.

मी शेजारी बसले होते तेव्हा एक चेक परत आला. खरगोनकडच्या दुकानदाराचा, चार लाखांचा, शेरा ‘अपुरी शिल्लक’. काकांनी लगेच फोन उचलला नाही. बँकेचा मेमो हाती आल्याची तारीख त्यांनी पाकिटावर घातली आणि कॅलेंडरवर त्यापुढच्या पंचविसाव्या दिवसाभोवती पेन्सिलीने गोल काढला. “ताई, तीस दिवस कायद्याचे. पाच आपण हातचे ठेवायचे.” मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यापासून देणाऱ्याला १५ दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात न्यायालयात तक्रार. पराक्राम्य संलेख कायदा १८८१चा, पण चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम १३८ लागू झालं १ एप्रिल १९८९ पासून. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सियागंजात या कलमाचा आकडा हमालालाही पाठ आहे.

मग काकांनी त्या पार्टीचं खातं उघडलं आणि त्यांचं बोट एका नोंदीवर थांबलं. चेक दिल्यानंतर, तो बँकेत पडायच्या आधी, दुकानदाराने साठ हजार फोनवरून पाठवले होते. म्हणजे चेक चार लाखांचा, पण बँकेत टाकला त्या दिवशी येणं तीन लाख चाळीस हजारच. नवख्याला वाटेल, त्यात काय, कोर्टात साठ हजार वजा करून सांगू. तसं चालत नाही. मधली रक्कम चेकवर नोंदवली नसेल आणि चेक पूर्ण रकमेसाठीच लावला असेल, तर तेवढं देणं त्या दिवशी अस्तित्वात नव्हतं आणि कलम १३८ लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेतल्या एका प्रकरणात सांगितलं. जो दुकानदार थोडं थोडं का होईना फेडतो आहे, त्याच्यावर साऱ्या रकमेचा फौजदारी खटला लादू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण घाईत नोटीस काढणाऱ्याचा खटला यातच बुडतो.

नोटीस निघालीच नाही. काकांनी आता फोन लावला आणि आवाज न चढवता तीन-चाळीसचा नवा चेक मागितला. सोबत खात्याचा उतारा पाठवतो, खाली ‘बाकी कबूल’ लिहून सही करून द्या, असंही सांगितलं. ही सही चेकहून मोलाची. मालाच्या पैशांचा दिवाणी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्याने सुरू होतात. नुसत्या खातेवहीवर दावा सिद्ध होत नाही. नियमाने ठेवलेली वही पुराव्यात येते, पण एकटीच्या बळावर कोणाला देणेकरी ठरवू शकत नाही. सुटे कागद तर वहीच नव्हेत, हे १९९८ मध्ये हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात पक्कं झालं. व्हॉट्सॲपवरची मागणी कोर्टात दाखवायची तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. तेही ठरलं जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून, २०२० साली. राजकारणाच्या खटल्यांनी किराण्याच्या वसुलीचे नियम ठरवले आहेत.

काकांना सर्वांत कडू आठवण आहे ती २०१४ची. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की चेकचा खटला देणाऱ्याची बँक असेल तिथेच चालवायचा. पैसे बुडालेल्यानेच बुडवणाऱ्याच्या गावी तारखा करायच्या! इथे घेतलेल्या तक्रारी परत मिळाल्या, फायली गावोगावच्या कोर्टांत न्याव्या लागल्या. जून २०१५च्या अध्यादेशाने ते उलटलं. आता आपलं खातं ज्या शाखेत आहे, तिथलं न्यायालय चालतं. २०१८ पासून खटला सुरू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही मागता येते. खटला कुठे बसून लढायचा, हा प्रश्न लहान व्यापाऱ्याला कायद्याच्या कलमाइतकाच मोठा असतो.

आता मागच्या रांगेबद्दल. लघुउद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकवावीत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हा नियम २००६चा. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा चाबूकही लागला: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येते. ऐकायला सियागंजसाठीच केल्यासारखं वाटतं. पण घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणीत घेतलं ते केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतं. त्यामुळे आमची पेढी मसाला दळणाऱ्या छोट्या कारखान्याकडून माल घेते तेव्हा तिला ४५ दिवसांचं बंधन आहे, आणि तोच माल पुढे विकते तेव्हा तिच्या बाजूने तसं बंधन कोणावरच नाही. दोन्ही बाजूंनी दाब तिच्यावर.

दिवाळखोरी संहिता २०१६ची. तिचा सियागंजला उपयोग होईल असं वाटत होतं, कारण एक लाखाच्या थकबाकीवरही पुरवठादार देणेकरी कंपनीला न्यायाधिकरणात खेचू शकत होता. २४ मार्च २०२० रोजी ती मर्यादा एकदम एक कोटी झाली. प्रकरण दाखल झालं तरी धनकोंच्या समितीत मत असतं ते बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांना. माल पुरवणारा सहसा बाहेर बसतो. इंदुरात वाढलेली रुची सोया ही कंपनी डिसेंबर २०१७ मध्ये या प्रक्रियेत गेली आणि २०१९ मध्ये पतंजलीच्या हाती आली, ती कर्ज दिलेल्यांच्या मतानेच. आणि हे सगळं कंपन्यांसाठी. आमच्या पार्ट्या म्हणजे एका माणसाचं दुकान नाहीतर भावाभावांची भागीदारी. त्यांच्यासाठीचा संहितेतला भाग, कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता सोडला तर, अजून लागूच केलेला नाही. खरगोनचा दुकानदार खरोखरच बुडाला तर लागू होतो १९२०चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा, ज्यात अर्जासाठी देण्याची मर्यादा आजही पाचशे रुपये आहे. पाचशे रुपयांत आता सियागंजात दोन किलो धड मिरीही येत नाही.

दिवाळखोरीचा कायदा नवा करणं धनकोइतकंच ऋणकोच्याही हिताचं आहे. प्रामाणिकपणे बुडालेल्या दुकानदाराला हिशेब मांडून मोकळं होण्याचा सरळ रस्ता नसला की तो फोन बंद करतो, गाव सोडतो, आणि घेणेकऱ्याच्या हाती फक्त कलम १३८ उरतं.

रांगेत पुढे असूनही किती थांबावं लागतं, हे या शहराने पाहिलं आहे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. कामगारांचं येणं कायद्याने तारणधारक बँकांच्या बरोबरीचं होतं. सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटी रुपयांची वाट मोकळी झाली २५ डिसेंबर २०२३ला. मधल्या काळात कितीतरी जण गेले, पैसे वारसांच्या नावे आले. बरोबरीचा हक्क असलेल्यांची ही गत, तर विनातारण पुरवठादाराने कशाच्या भरवशावर बसायचं?

मला दोन गोष्टी तातडीच्या वाटतात. ४५ दिवसांचा नियम लहान घाऊक व्यापाऱ्यालाही विक्रेता म्हणून लागू करावा, आणि संहितेतला व्यक्ती व भागीदारी पेढ्यांचा भाग सुरू करावा. तो २०१६ पासून लिहून तयार आहे. तोवर काका दर तिमाहीला उतारे पाठवतात. ज्यांच्या सह्या परत येत नाहीत त्यांचा पुढचा माल थांबतो, मग ती पार्टी कितीही जुनी असो.