मोटारीचा ब्रेक आणि त्यांतील हवा

परभणी जिल्ह्यांतील सेलू हें गांव कापसाची बाजारपेठ म्हणून मराठवाड्यांत सर्वांस परिचित आहे. दिवाळी उलटली कीं कापसानें भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. जिनिंगमध्यें सरकी वेगळी निघते आणि उरलेली रुई प्रेसमध्यें जाते. खोली भरून टाकणारी ती हलकी, फुगीर रुई पाहतां पाहतां दाबली जाऊन सुमारें १७० किलो वजनाची घट्ट गांठ तयार होते. एवढा प्रचंड दाब देणारी शक्ति असते ती नळींतून येणाऱ्या तेलाची. एका बाजूस लहानसा पंप तेल रेटतो, आणि दुसऱ्या बाजूस जाड लोखंडी दट्ट्या रुईस चेंगरून काढतो.

हें प्रेसचें तत्त्व फार जुनें आहे. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोंचतो, हा सिद्धांत सतराव्या शतकांत पास्काल ह्या फ्रेंच विद्वानानें मांडला. १७९५ सालीं ब्रामा नांवाच्या इंग्रज कारागिरानें त्याच्या आधारानें पहिल्या द्रवदाब प्रेसचें पेटंट मिळविलें. पुढें हेंच तत्त्व मोटारीच्या चाकांत शिरलें. माल्कम लॉकहीड ह्या अमेरिकन गृहस्थानें १९१७ च्या सुमारास तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचें पेटंट घेतलें, आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना हे ब्रेक बसविलेले होते.

ज्यांना जुन्या वेगवान मोटारींचा शौक आहे, त्यांना एम. जी. हें नांव निराळें सांगावयास नको. मुंबई-पुण्याकडील जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत ही बुटकी, दोन आसनी, तारांच्या चाकांची गाडी पाहावयास मिळते. हिच्या पूर्वीच्या नमुन्यांत ब्रेक तारेनें ओढले जात. १९३६ सालीं टी-ए ह्या नमुन्यापासून तेलाचे ब्रेक आले, आणि १९४५ ते १९४९ ह्या काळांत इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथें तयार झालेल्या सुमारें दहा हजार टी-सी गाड्यांतही तेच होते. अशी एखादी गाडी अनेक वर्षें शेडमध्यें उभी राहिल्यावर पुन्हां रस्त्यावर आणावयाची, तर इंजिनाकडे सर्वांचें लक्ष प्रथम जातें. वस्तुतः तें प्रथम ब्रेककडे जावयास हवें. इंजिन सुरू झालें नाहीं तर गाडी जागेवर राहते, एवढेंच. ब्रेक लागला नाहीं तर काय होतें, हें सांगण्याची गरज नाहीं.

ब्रेकची रचना थोडक्यांत अशी. पायाखालचें पेडल दाबलें कीं त्याचा दांडा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यास रेटतो. तेथून तेल बारीक धातूच्या नळ्यांतून आणि शेवटीं रबरी नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातें. चाकाच्या ड्रमच्या आंत लहान सिलिंडर असतो. त्यांतील दट्टे बाहेर सरकतात, लायनर लावलेले शू ड्रमवर घासतात आणि चाक थांबतें. आतां आकडे पाहूं. समजा, पाय वीस किलोच्या जोरानें पेडलवर पडला आणि पेडलच्या तरफेनें तो जोर पांचपट झाला. दट्ट्याचें क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटर असेल, तर तेलांत प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पंचवीस किलोचा दाब उत्पन्न होतो. तोच दाब एकाच क्षणीं चारही चाकांपाशीं हजर असतो.

हें सर्व घडतें त्याचें कारण तेल जवळजवळ मुळींच दबत नाहीं. हवा मात्र दबते. वरील उदाहरणांतच नळ्यांमध्यें चहाच्या चमच्याएवढी, म्हणजे पांच घन सेंटिमीटर हवा अडकली आहे असें धरावें. पेडल दाबतांच ती आक्रसून मूळच्या सव्विसाव्या भागाएवढी होते. तिनें मोकळी केलेली जागा भरून काढण्यासाठीं दट्ट्याला सुमारें बारा मिलिमीटर जास्त पुढें जावें लागतें, आणि तेवढ्यासाठीं पेडल सहा सेंटिमीटर खालीं जातें. शू ड्रमला टेकण्यापूर्वींच पाय गाडीच्या तळाला लागतो. पायाखालीं पेडल कापसासारखें मऊ लागलें, कीं आंत हवा आहे असें समजावें.

येथें एक मोठी गंमत आहे. सेलूच्या स्थानकांत येऊन थांबणारी आगगाडी हवेच्याच बळावर थांबते. गाडीच्या संपूर्ण लांबीभर दाबलेल्या हवेची एक नळी असते. तिच्यांतील दाब कमी केला कीं ब्रेक लागतात, आणि नळी तुटली तर ते आपोआपच लागतात. जुन्या मोटारीची व्यवस्था ह्याच्या अगदीं उलट आहे. येथें हवा शत्रु आहे, आणि चारही चाकांचें तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून येत असल्यामुळें एका ठिकाणीं गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. मग हाताशीं राहतो तो केवळ हातब्रेक. दोन स्वतंत्र तेलमार्गांची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्रास रूढ झाली. म्हणून पूर्वींच्या गाडीच्या बाबतींत हातब्रेकची तार आधीं नीट करावी, आणि मग तेलाला हात घालावा.

दुरुस्तीस आरंभ करतांना गाडी सपाट जमिनीवर घेऊन चाकांना ओट द्यावी. उचललेली गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधींही तिच्याखालीं जाऊं नये. भक्कम आधारावर ठेवावी. ड्रम काढल्यावर आंतली काळी धूळ फुंकून वा हवेनें उडवूं नये. जुन्या लायनरमध्यें ॲस्बेस्टॉस असतें आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी आणि फडकें पिशवींत बांधून टाकावें.

त्यानंतर चाकाच्या सिलिंडरवरील रबरी टोपी किंचित् उचलून पाहावी. आंत ओल दिसली तर तेल गळत आहे. सिलिंडर उघडून त्याची आंतली भिंत उजेडांत न्याहाळावी. नुसता मळ असेल तर तो साफ करतां येतो. पण गंजानें खड्डे पडले असतील तर नवा सिलिंडर घालणें अथवा जुन्यांत पितळेची किंवा गंजरोधक पोलादाची नळी बसवून घेणें हाच उपाय. रबरी वॉशर सर्व नवे घालावे. ते बसवितांना ब्रेकचेंच तेल लावावें. रॉकेल, पेट्रोल वा इंजिनाचें तेल तेथें चुकूनही लागतां कामा नये, कारण त्यानें रबर फुगतें. आरंभींच्या काळांत ब्रेकचें तेल एरंडेल व अल्कोहोल यांच्या मिश्रणाचें असे. पूर्वीं घरोघरीं औषधासाठीं ठेवलेलें तें एरंडेल नैसर्गिक रबराला अपाय करीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होता.

तेलानें भिजलेले लायनर पुसून किंवा जाळून पुन्हां वापरण्याचा मोह टाळावा, ते बदलावे. रबरी नळ्यांविषयीं तर विशेष सावध राहिलें पाहिजे. बाहेरून धडधाकट दिसणारी जुनी नळी आंतून फुगून बंद होते. पायाच्या जोरानें तेल तिच्यांतून पुढें जातें, पण परत येत नाहीं, आणि चाक धरून राहतें. तसेंच पेडलचा दांडा व दट्टा यांमध्यें थोडीशी मोकळीक ठेवणें आवश्यक आहे. पेडल सोडल्यावर तेल सांठ्याच्या डबींत परत जाण्यासाठीं मास्टर सिलिंडरमध्यें एक सुईएवढें छिद्र असतें. मोकळीक नसेल तर दट्टा तें छिद्र झांकून बसतो, तेल तापून फुगतें, आणि कांहीं मैलांतच ब्रेक आपोआप आवळले जातात.

सर्व जोडणी होऊन शू ड्रमच्या जवळ आणले, म्हणजे हवा काढण्याची वेळ येते. कारागीर ह्यास ‘एअर काढणें’ असें म्हणतात. हें काम दोघांचें आहे. एकानें गाडींत बसावें, दुसऱ्यानें चाकापाशीं. प्रत्येक चाकाच्या सिलिंडरवर एक लहान निपल असतें. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचें दुसरें टोंक थोडें ताजें तेल घातलेल्या कांचेच्या बरणींत बुडवून ठेवावें. मास्टर सिलिंडरपासून जें चाक सर्वांत दूर, तेथून आरंभ करावा. उजव्या बाजूस सुकाणूं असलेल्या गाडींत तें सामान्यतः मागचें डावें असतें. मग मागचें उजवें, पुढचें डावें आणि शेवटीं पुढचें उजवें.

चाकापाशीं बसलेल्यानें “दाब” म्हणावें. पेडल सावकाश खालीं जाऊं लागलें कीं निपल अर्धा फेरा उघडावें. बरणींत बुडबुडे उठतात. पेडल तळाशीं असतांनाच निपल बंद करावें आणि मग “सोड” म्हणावें. हा क्रम उलटला, निपल उघडें असतांना पाय वर आला, तर बाहेर काढलेली हवा पुन्हां आंत ओढली जाते. म्हणून पेडलवर बसलेल्यानें हुकुमाची वाट पाहावी, आपल्या अंदाजानें पाय उचलूं नये. दर पांच-सहा वेळां दाबल्यावर सांठ्याच्या डबींतील तेल पाहावें. ती रिकामी झाली तर वरून हवा शिरते आणि सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. बरणींत जमलेलें तेल परत डबींत ओतूं नये.

तेलाची निवडही विचारपूर्वक करावी. आजचें नेहमींचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ ह्या प्रकारचें कोरडें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चे आकडे अनुक्रमें २३० व १५५ आहेत. सेलूच्या सपाट रस्त्यावर हा फरक कदाचित् जाणवणार नाहीं. परंतु तीच गाडी मनमाड-नाशिकवरून मुंबईस जातांना कसाऱ्याचा घाट उतरूं लागली, कीं ड्रम तापतात, ओलसर तेलांत वाफ होते, आणि सकाळीं दगडासारखें घट्ट लागलेलें पेडल अचानक मऊ पडतें. वाफ हीही हवेप्रमाणेंच दबते. म्हणून नवी सीलबंद डबीच वापरावी आणि गाडी कमी फिरली तरी दोन वर्षांनीं तेल बदलावें. रंगावर सांडलेलें तेल लगेच पाण्यानें धुवावें, नाहीं तर रंग निघून येतो.

काम संपल्यावर पेडल जोरानें दाबून एक मिनिटभर धरून ठेवावें. तें हळूहळू खालीं जात असेल, तर कोठें तरी गळती आहे. चारही चाकें आणि प्रत्येक सांधा पुन्हां तपासावा. जागेवर टिकून राहिलें, तर गाडी मोकळ्या मैदानांत नेऊन चालण्याच्या वेगानें चालवावी, आणि प्रथम हातब्रेकची व मग पायब्रेकची परीक्षा घ्यावी. ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढली गेली, तर त्या बाजूचा ब्रेक अधिक धरतो आहे अथवा समोरचा कमी. ह्या परीक्षा होईपर्यंत घरांतील मुलें हौसेनें गाडींत बसूं पाहतील. त्यांना थोडा धीर धरावयास सांगावें. बरणींतील शेवटचा बुडबुडा येऊन गेल्यावरही आणखी चार वेळां पेडल दाबून पाहणारा कारागीर वेळ फुकट घालवीत आहे असें वाटलें, तरी त्याला घाई करूं नये.