चंद्राचा हिशेब, ताटाचा हिशेब

माघी पौर्णिमा आली की जोयडा तालुक्यातल्या उळवीच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांची रीघ लागते. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच महाशिवरात्र येते आणि कवळा गुहेतल्या शिवलिंगापुढे रांगा लागतात. त्यानंतर शिमगा. हे सगळे सण चंद्राच्या तालावर चालतात, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यांच्या अधेमधे तालुक्यातल्या मोजक्या कॅथलिक घरांचा उपवासकाळ सुरू होतो. तो मात्र इंग्रजी कॅलेंडरचा सण, असा आपला सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात त्याचीही चावी चंद्राच्याच हातात आहे!

पडताळा घ्यायचा तर हा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारी संध्याकाळी सुपा धरणाच्या जलाशयाकाठी उभं राहून पश्चिमेकडे बघा. पूर्ण चंद्र त्या संध्याकाळी आकाशात कधीच दिसायचा नाही. एक तर अमावस्या आगेमागे असेल, नाही तर शुद्ध पक्षाची पहिली पाच-सहा दिवसांची कोर. 2022 मध्ये महाशिवरात्र 1 मार्चला होती आणि राखेचा बुधवार 2 मार्चला. आदल्या दिवशी कुणाच्या कपाळावर भस्माचे पट्टे, दुसऱ्या दिवशी कुणाच्या कपाळावर राखेचा क्रूस. 2026 मध्येही दोहोंत अंतर तीनच दिवसांचं: 15 आणि 18 फेब्रुवारी.

हे घडतं कसं? येशूला क्रुसावर दिलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, आणि तो सण पौर्णिमेचा. म्हणून 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची. तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण. ही पौर्णिमा आकाशात बघून नव्हे, तर चर्चच्या कोष्टकावरून ठरते. कोष्टकाचा पाया 19 वर्षांच्या चक्राचा. 19 सौर वर्षं आणि 235 चांद्रमास जवळजवळ तंतोतंत जुळतात. साध्या बारा महिन्यांनी मोजलं तर 19 वर्षांचे 228 महिने होतात, उरले सात. हे सात महिने यहुदी पंचांग अधिक महिने म्हणून सामावून घेतं. आपल्या पंचांगातही 19 वर्षांत साधारण सातच अधिक मास येतात. जेरुसलेम कुठे, उळवी कुठे, पण गणित एकच!

ईस्टरपासून 46 दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार सापडतो. पण उपवास तर चाळीस दिवसांचा, येशूने रानात काढलेल्या चाळीस दिवसांच्या आठवणीचा. मग वरचे सहा गेले कुठे? ते रविवार. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास धरायचा नाही. म्हणून ते हिशेबातून वगळले.

राख येते तीही हिशेबानेच. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या तोवर वाळून खडखडीत होतात. त्या जाळून, राख बारीक चाळून घेतात. ज्या झावळ्या मिरवत येशूचा जयजयकार केला, त्यांचीच चिमूटभर राख कपाळी लागते. त्या दिवसापासून चर्चमध्ये जांभळा रंग येतो, वेदीवरची फुलं जातात, ‘आलेलुया’ बंद होतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारच्या संध्याकाळनंतर घंटाही मुकी होते आणि तिच्या जागी लाकडी खुळखुळा वाजतो.

नियम तसे सौम्यच आहेत. अठरा पूर्ण झालेल्यांपासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंतच्या धडधाकट माणसांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पोटभर जेवण घ्यायचं. फार तर दोनदा थोडंसं खायचं. चौदा वर्षांवरच्यांनी या दोन्ही दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस टाळायचं. मासळी चालते. इथेच खरी मेख आहे. गोव्याच्या वेशीवर राहणाऱ्या माणसाने शुक्रवारी इसवणाची कढी ओरपली, तर नियम पाळला जातो, पण त्याग कसला झाला? आणि जोयड्यातल्या ज्या घरात पेज आणि उकडलेलं कोनफळ हेच रोजचं जेवण, त्याला मांस सोडायला सांगून काय मिळणार? तिथे सोडायचं ते दुसरं काही: सवयीची दारू, मोबाइलवरचे तास, भावकीतला जुना अबोला.

या मेखेवरचा तोडगा फार जुना आहे. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची पद्धतच सांगितली आहे. त्या दिवशी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढायची आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला, गरजवंताला द्यायची. म्हणजे पोट रिकामं ठेवून काम अर्धंच होतं. वाचलेलं दुसऱ्याच्या ताटात पडलं की उपवास पुरा. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्ही गोष्टी चर्च एकत्र सांगतं, ते यासाठीच. भारतातल्या कॅथलिक चर्चची ‘कारितास इंडिया’ ही संस्था उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते, तीही याच जुन्या हिशेबाची आजची आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

तिथी चंद्राने ठरवली, चाळीसचा आकडा परंपरेने ठरवला, वयाची अट चर्चच्या कायद्याने घातली. आपल्या घरातून काय वाचवायचं आणि ते कुणाच्या दारी पोचवायचं, याचं कोष्टक मात्र कुठल्याच पंचांगात छापलेलं नाही. ते दरवर्षी ज्याचं त्यानेच मांडायचं.