स्थिर चित्रातील गती

वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिण बाजूला रावणाचे प्रसिद्ध शिल्प आहे. खाली गुडघे टेकलेला अनेक हातांचा रावण पर्वत उपटू पाहत आहे. वर पार्वती घाबरून शंकराच्या दंडाला बिलगली आहे, मागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे आणि शंकर मात्र पायाने डोंगर दाबून शांत बसला आहे. शतकानुशतके हा पाषाण जागचा हललेला नाही. तरीही समोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला डोंगर हादरल्यासारखा वाटतो, तो कशामुळे?

उत्तर रेषांच्या कलात दडलेले आहे. उभी रेषा स्थैर्य सुचवते, आडवी रेषा विश्रांती. तिरकी रेषा मात्र आता पडेल, आता सरकेल अशी वाटते. रावणाचे पंख्यासारखे पसरलेले हात, मागे कललेली पार्वती, पळणारी दासी असे येथे बहुतेक सारे तिरके आहे. शंकर तेवढा अविचल. तो तसा नसता, तर हादरा मोजायला काही मापच उरले नसते.

चित्रकलेच्या वर्गात 'लय' आणि 'गती' ही दोन तत्त्वे एका दमात शिकवली जातात आणि बहुधा म्हणूनच त्यांची गल्लत होते. एखादा आकार, रेषा वा रंग ठरावीक अंतराने पुन्हा येऊ लागला की लय निर्माण होते. दारावरचे आंब्याच्या पानांचे तोरण किंवा पैठणीचा काठ ही तिची घरगुती उदाहरणे. गतीसाठी पुनरावृत्ती पुरत नाही, तिला दिशा लागते. पाहणाऱ्याची नजर कोठून शिरते, कोठे वळते, कोठे थांबते हे चित्रकाराने ठरवले, की गती येते. न्हाणीघरातील फरश्यांना लय असते, गती नसते!

'लय' हा शब्द मराठीत संगीत-नृत्याच्या अंगाने रुळलेला आहे, हाही योगायोग नव्हे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला नृत्य जाणल्याशिवाय चित्रकला उमगणे कठीण असल्याचे सांगतात. या विधानाचा पुरावा लेण्यांत शोधायलाच हवा असे नाही. तो वारली चित्रांतही मिळतो.

डहाणू, जव्हार, तलासरी परिसरातील वारल्यांच्या झोपडीची भिंत कुडाची. तिच्यावर शेणमातीचा लेप, गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी चित्रे. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कमरेशी देह एका बिंदूवर पेलला गेल्याने वरचा त्रिकोण जरा कलला तरी अख्खा माणूस वाकतो, वळतो, नाचू लागतो. हातपायांच्या काड्या उरलेले काम करतात. चेहरा नाही, कपड्यांच्या चुण्या नाहीत; नजर अडेल असे काहीच नाही.

तारपा नृत्याच्या चित्रात तर लय आणि गती एकमेकींत मिसळतात. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हात गुंफलेल्या नर्तकांची साखळी. प्रत्यक्ष नाचातही तारप्याकडे पाठ करायची नाही आणि तो वळेल तसे वळायचे, अशी रीत आहे. चित्रकार ही साखळी अनेकदा बंद वर्तुळात न बांधता शंखाच्या वळणासारखी मोकळी सोडतो. त्या मोकळ्या टोकातून नजर आत शिरते आणि फिरत फिरत वादकापर्यंत पोचते. नर्तकांमधील अंतर ही लय, तर वळणाची ओढ ही गती.

पाश्चात्त्य कलेने याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने हात घातला. मायब्रिजने १८७८ मध्ये धावत्या घोड्याच्या चालीचे क्षण कॅमेऱ्यात ओळीने टिपले. पुढे १९१२ मध्ये इटलीच्या जाकोमो बाल्लाने साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे पाय एकावर एक अनेकदा रंगवून चाल दाखवली. चित्र गमतीदार आहे. पण तेथे गती कळते ती पायांच्या संख्येतून. वारली नर्तकाला दोनच पाय पुरतात.

शहरांत वारली आकृत्या आज उड्डाणपुलांच्या खांबांपासून पडद्यांपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांतील बऱ्याच साच्याने उठवलेल्या असतात. प्रत्येक नर्तक हुबेहूब शेजाऱ्यासारखा, ओळ सरळ, अंतर समान. लय उरते, नाच थांबतो. हाताने काढलेल्या साखळीत एकाचा गुडघा जास्त वाकतो, दुसऱ्याचे पाऊल मागे राहते, आणि नेमक्या या फरकांवर नजर पुढे सरकते. साचा पहिल्यांदा पुसतो ते हेच. चित्र विकत घेणाऱ्याने दोन शेजारच्या आकृत्या तेवढ्या ताडून पाहाव्यात.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मासेमारीचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. बारीक रेघांनी विणलेले जाळे त्यांच्या चित्रात जवळजवळ सारी जागा व्यापते आणि कोळी अगदी लहान दिसतो. तेथे कोणी नाचत नाही, धावत नाही. तरी जाळे पाण्यात पसरत चालले आहे, हे दिसत राहते.