शेवटच्या नळापर्यंत शुद्ध पाणी

शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेस मिळते. पुढे भीमा शिरूर व दौंड तालुक्यांच्या मधून वाहते. पुणे शहराचे सांडपाणी या प्रवाहात उतरत असल्याने काठच्या गावांत पाणी शुद्ध करणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम मोठ्या जोखमीचे आहे.

जलशुद्धीकरण केंद्रात प्रथम तुरटीच्या द्रावणाने गाळ खाली बसवितात, मग पाणी वाळूच्या थरातून गाळतात व शेवटी क्लोरीन देतात. हा क्रम मोडू नये. पाणी गढूळ राहिल्यास जंतू कणांआड दडतात आणि सेंद्रिय मळातच क्लोरीन खर्ची पडते. म्हणून पावसाळ्यात तुरटीची मात्रा रोज चाचणी घेऊन ठरवावी.

जेथे केंद्र नाही, तेथे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर वापरतो. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. निवळ पाण्यास १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीस २५० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी व अर्ध्या तासानंतरच पाणी सोडावे. उघड्या पोत्यातील पावडरीचा जोर कमी होतो.

टाकीजवळ तपासणी करून भागत नाही. शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घ्यावी. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन आढळले पाहिजे. पिवळी छटा न आल्यास मात्रा चुकली की नळ फुटला, याचा त्याच दिवशी शोध घ्यावा. एका दिवसाची हयगय लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते. ग्रामस्थांनीही नोंदवही अवश्य पाहावी.